गोळ्या बदलण्याआधी थेरपिस्टला हे विचारा

ताई, तीन समुपदेशक झाले तरी बहिणीला फरक नाही, आता गोळ्या बदलून बघू का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आमचंही दीड वर्ष यातच गेलं. बॉर्डरलाइनवर (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आवरणं आणि नाती टिकवणं फार अवघड जाणारा मानसिक आजार) खास असं औषध नाही. सोबतच्या नैराश्यासाठी गोळ्या लागू शकतात, त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण मुख्य उपचार थेरपीच.

त्यातली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे तीव्र भावना हाताळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी) अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी उभी केली. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करायचो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. ते वाचून भाऊ पहिल्यांदा "जाऊन बघतो" म्हणाला.

"आम्ही डीबीटी करतो" असं बरेच जण सांगतात. तेव्हा नीट विचारा: दर आठवड्याचं सत्र, वेगळा कौशल्यांचा गट, अडचणीत फोनवर मदत, यातलं नक्की काय आहे? रोजची नोंद ठेवून घेता का? भावाच्या वहीत राग, इजेची इच्छा, झोप असे रकाने असायचे. डोकं तापलं की ते शांत करायला, थेरपीत शिकवल्याप्रमाणे, तो बर्फाच्या पाण्याच्या पातेल्यात तोंड बुडवायचा, आई दाराशी गप्प उभी राहायची. (हृदयाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.) त्या गप्प राहण्यासाठी आईलाही शिकावं लागलं, तेव्हा घरच्यांसाठी काही सत्रं आहेत का तेही विचारा.

बहीण जिवाचं काही बोलली तर पुढच्या सत्राची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.