ड्राय आइसचा धूमकेतू: गोळा वळत नाही, भुगा होतो

सातवी_विज्ञान
सातवीच्या ४० मुलांना धूमकेतूचं केंद्रक करून दाखवायचंय. २ कप पाणी, २ कप ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), २ चमचे माती, थोडा अमोनिया, कॉर्न सिरप असं प्रमाण घेतलं. पिशवी सोडली की भुगा पडतो. पाणी वाढवलं तर गच्च बर्फाचा गोळा होतो, धूर जेमतेम. चूक कुठे होतेय? कॉर्न सिरपला पर्याय काय? आणि गॅसचा धोका कितपत?

प्रयोगपेटी
मॅडम, कप सोडा, वजनाने घ्या. अर्ध्या लिटर पाण्याला फोडलेला ड्राय आइस ६०० ते ७०० ग्रॅम. पाणी फ्रिजमधलं, अगदी थंडगार. नळाचं ३० अंशांचं अर्धा लिटर पाणी शून्यावर आणायलाच शंभरेक ग्रॅम ड्राय आइस उडतो, ते सगळं गोठायला आणखी ३०० ग्रॅम. मग फवारे सुटायला उरणार काय?

भुगा होतो तो मोठ्या तुकड्यांमुळे. गोळा धरून ठेवतं ते पाणी. सुपारीएवढ्या तुकड्यांभोवती ते सुटंसुटं गोठतं, एकमेकांना चिकटत नाही. गोणपाटात गुंडाळून लाकडी हातोडीने जाड्या रव्याएवढा फोडा, मधूनमधून हरभऱ्याएवढे खडे राहू द्या. नंतर फवारे त्या खड्यांतूनच सुटतात. पिठासारखा बारीक केलात तर ढवळतानाच उडून जाईल.

प्लास्टिकच्या टबात कचऱ्याची जाड पिशवी दुहेरी अंथरा. आधी पाणी, दोन चमचे वाळू-माती, चमचाभर कोळशाची पूड, चमचाभर काकवी (कॉर्न सिरपचं काम काकवी झकास करते). ड्राय आइस सगळ्यात शेवटी, लाकडी उलथन्याने ढवळत. धूर उसळून मिश्रण खिरीसारखं दाटलं की पिशवीच्या कडा उचलून लाडू वळतो तसं बाहेरून दाबा आणि एक-दोन मिनिटं दाबूनच धरा. बहुतेकांची घाई इथेच होते. पिशवीचं तोंड मात्र बांधायचं नाही, कधीच नाही. हातात कामाचे जाड चामडी मोजे, डोळ्यांना चष्मा. पातळ रबरी मोजे उणे ७८ अंशांपुढे कुचकामी.

अमोनिया नाही मिळाला तरी अडत नाही, नुसतं नाव सांगितलं तरी चालतं.

गॅसचं_गणित
धोक्याचं आकड्यांतच सांगतो. १ किलो ड्राय आइस म्हणजे साधारण ५५० लिटर कार्बन डायऑक्साइड. ८ बाय ६ मीटरचा, ३ मीटर उंच वर्ग १४४ घनमीटर. खिडक्या बंद ठेवून एक किलो उडाला तर हवेत सुमारे ३८०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ३८०० भाग) भर. आठ तास काम करणाऱ्यांसाठी सर्वसाधारणपणे ५००० पीपीएमची मर्यादा धरतात. म्हणजे एका गोळ्याला दारं-खिडक्या उघडी असली की पुरे. पाच गटांना पाच गोळे करायला लावायचे तर व्हरांड्यात जा.

हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. त्यामुळे मुलांना सतरंजीवर बसवू नका, बाकांवर बसवा. टबात डोकं घालून वास घ्यायला तर अजिबात देऊ नका. आणताना थर्माकोलच्या खोक्याचं झाकण सैल ठेवा, गाडीच्या काचा खाली. थर्मास किंवा झाकणाची बाटली वापरली तर स्फोट ठरलेलाच.

रात्रदर्शक
गोळा झाल्यावर शिकवताना दोन गोष्टी हमखास चुकतात. पांढरा धूर कार्बन डायऑक्साइडचा नसतो, तो वायू दिसतच नाही. दिसतं ते बाष्प गारठून झालेल्या पाण्याच्या बारीक थेंबांचं धुकं. दुसरं, ते धुकं टेबलावरून खाली ओघळतं, म्हणून मुलं त्यालाच शेपटी समजतात. खरी शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, धूमकेतू कुठेही चालला असो. थंड हवेचा छोटा पंखा 'सूर्य' म्हणून एका बाजूला ठेवा आणि गोळा त्याच्याभोवती फिरवा. परतीच्या वाटेवर शेपटी पुढे गेलेली बघून वर्ग चक्रावतो.

कोळसा मात्र वगळू नका. १९८६ मध्ये जिओट्टो यानाने हॅलेच्या धूमकेतूच्या केंद्रकाचे फोटो काढले तेव्हा ते कोळशासारखं काळं निघालं, पडलेल्या प्रकाशातला ४ टक्केच परत फेकणारं. काकवीही उगाच नाही, ती धूमकेतूतल्या सेंद्रिय पदार्थांच्या जागी: रोझेटा यानाला ६७पी धूमकेतूभोवती ग्लायसिन हे अमिनो आम्ल सापडलं होतं.

सातवी_विज्ञान
आभार. उरलेला ड्राय आइस सिंकमध्ये टाकला तर?

प्रयोगपेटी
नको. पाइप गारठून तडकतो. मुलांचा हात पोचणार नाही अशा उघड्या जागी टबातच राहू द्या, हळूहळू उडून जाईल. गोळाही तिथेच ठेवा. दुसऱ्या दिवशी वाळू, कोळसा आणि चिकट पाणी एवढंच उरतं.