डायनासोरच्या नावाखाली सरडा: तुमचेही अनुभव येऊ द्या

काल रात्री 'किंग डायनोसॉर' (१९५५) पाहिला. चार शास्त्रज्ञ नव्या ग्रहावर उतरतात. राजेसाहेबांची वाट बघून बघून डोळे दुखले आणि आले ते चक्क इग्वाना! पाला खाऊन जगणारा बिचारा जीव. वर एक पात्र गंभीर चेहऱ्यानं सांगतं की हा टी-रेक्ससारखा दिसतो. अहो, टी-रेक्स दोन पायांवर चालायचा, हा पोटावर सरपटतोय! शेवटी मंडळी त्याच्यावर अणुबॉम्ब टाकून मोकळी. आमच्याकडे पाल निघाली तर केरसुणी पुरते. तुम्ही काय काय पाहिलंय?

*

हसून हसून पुरेवाट! मी 'वन मिलियन बी.सी.' (१९४०) सुचवेन. मगरीच्या पिल्लाच्या पाठीवर माशासारखा पर चिकटवलाय, झाला प्राणी तयार. हेच तुकडे पुढं कितीतरी स्वस्तातल्या सिनेमांत वापरले. भाऊ आणि मी ओरडायचो, "आला बघ आपला!" त्या मगरीची नि सरड्याची झुंज मात्र खरीखुरी आहे, एकमेकांना चावतायत. तिथं नाही हसवत.

*

'द लँड दॅट टाइम फरगॉट'. केबलवर दुपारी लागला होता. टेरोडॅक्टिल आकाशातून येतो, पण पंख हलतील तर शपथ! ताठ. आजी पोथी बाजूला ठेवून म्हणाली, "तार तुटली तर कुणाच्या डोक्यात पडेल रे ते." पुढचा अख्खा सिनेमा तिनं तारा शोधण्यात घालवला.

*

जरा विरोधी सूर. १९६६च्या 'वन मिलियन इयर्स बी.सी.'तही सुरुवातीला खरा इग्वाना आहे, पण पुढचे डायनासोर रे हॅरीहाउसेननं बाहुली कणाकणानं हलवत, एकेक फ्रेम टिपत जिवंत केलेत. त्यांना हसू नका. हसायचं तर माणसांना हसा. गुहेत राहतात, पण नायिका रॅकेल वेल्चचा आयलायनर जागचा हलत नाही. आणि माणूस नि डायनासोर शेजारी-शेजारी, मधली सहा-साडेसहा कोटी वर्षं गिळून!

*

'कार्नोसॉर' कुणीच कसा नाही काढला? १९९३, 'जुरासिक पार्क'च्या जेमतेम आधी निर्माता रॉजर कॉर्मननं घाईघाईनं आणला. शेवटी रबरी टी-रेक्सची मारामारी बांधकामावरच्या छोट्या लोडरशी. आम्ही हॉस्टेलवर लोडरच्या बाजूनं पैजा लावल्या होत्या. गंमत म्हणजे यात वेड्या शास्त्रज्ञबाई आहेत डायन लॅड, आणि 'जुरासिक'मध्ये त्यांचीच लेक लॉरा डर्न. त्या वर्षी मायलेकी जेवायला बसल्यावर काय बोलत असतील देव जाणे.