खाडीतल्या तिसऱ्या (शिंपले) बारीक झाल्यात, काय करावं?

सिडकोकर_ताई: मी नाशिकला, माहेर रत्नागिरीकडे खाडीकाठी. मे मधे गेले तर आईने आणलेल्या तिसऱ्या नखाएवढ्या आणि चिखलाला गटारासारखा वास, वरच्या अंगाला नवीन वस्ती झालीय तिचं सांडपाणी सरळ खाडीत येतं. खाव्यात का?

खाडीवाला: ताई बारक्या उचलूच नका, त्यांना एकदा तरी अंडी सोडू द्या. आमच्या वाडीतल्या बायका मोठ्या भोकांची चाळण नेतात, खाली पडलेल्या तिथंच ठेवतात, एक पट्टा तर बंदच ठेवलाय.

पंचवटीकर: शिंपले पाणी गाळून खातात, म्हणून जंतू, शिसं, कॅडमियम सगळं अंगात साठतं. स्वच्छ खाऱ्या पाण्यात दोनेक दिवस ठेवल्या की बॅक्टेरिया बरेच कमी होतात पण व्हायरस तितके नाही, आणि धातू उकडूनही जात नाहीत. वास येतोय तोवर खाऊ नका. मूळ सांडपाणी अडवा, आपल्या गोदावरीत सांडपाण्यावर वाढणारी पानवेली (जलपर्णी) काढली तरी परत येतेच ना.

सिडकोकर_ताई: पाण्याचा नमुना कधी घ्यायचा?

खाडीवाला: ओहोटीला, तिसऱ्या काढता तिथूनच. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर परत एकदा, सगळी घाण तेव्हाच वाहून येते. ई-कोलाय (मैल्यातून पाण्यात येणारा जंतू) तपासायला सांगा, रिपोर्ट ग्रामपंचायतीत द्या.