सायलेन्सर फुटलाय: गाडी आजच उभी करायची की महिनाभर चालेल?

कासारवडवलीकर
दहा वर्षांची पेट्रोल गाडी. रोज घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा करत महापेला जातो. सोमवारपासून फटफट आवाज येतोय. गॅरेजवाल्याने गाडी वर घेऊन दाखवलं: मागच्या सायलेन्सरच्या शिवणीवर रुपयाएवढं भोक. बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले. तो म्हणतो, सायलेन्सर बदलावा लागेल, पण महिनाभर थांबलात तरी चालेल. बायको म्हणते, आजपासून गाडी बंद. सात वर्षांची मुलगी मागच्या सीटवर असते. तुम्ही काय केलं असतं?

नेरूळचा जुना ड्रायव्हर
महिना आरामात निघेल. भोक अगदी शेपटीकडे आहे, धूर मागेच जातो. माझ्या गाडीचं असंच झालं होतं, गॅस वेल्डिंगने पट्टी मारून पुढचा पावसाळा काढला. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत सायलेन्सर गंजणारच. दर वेळी घाबरून नवीन घालत बसलो तर पगार पुरायचा नाही.

वाशी_सिस्टर
दादा, मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, म्हणून स्पष्ट बोलते. तुम्ही चालत्या गाडीचा विचार करताय. माजिवड्याला अर्धा तास गाडी जागची हलत नाही, काचा बंद, एसी चालू, तेव्हा धूर मागे कुठे जातो? गाडीखालीच साचतो, आणि डिकीचं रबर सैल असेल तर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते. आपल्याला वाटतं ट्रॅफिकचा शीण. लहान मुलांना तर लवकर बाधतो.

नेरूळचा जुना ड्रायव्हर
ताई, धोका नाही असं मी म्हणत नाही. काचा खाली ठेवून चालवा एवढंच. गाडीशिवाय माणूस महापेला जाणार कसा?

रबाळे गॅरेज, २२ वर्षं
दोघांचंही अर्धं बरोबर. आधी गळती कुठे आहे ते बघायचं. एक भोक दिसलं म्हणून तेवढंच असतं असं नाही. सकाळी इंजिन थंड असताना गाडी मोकळ्यावर सुरू करा आणि बॉनेट उघडून ऐका. टकटक आवाज येत असेल आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, तर मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपचं, पॅकिंग गेलंय. धातू तापून फुगतो म्हणून फट मिटते. तसं असेल तर गाडी हलवू नका. केबिनची हवा आत घेणारी जाळी पुढच्या काचेच्या खालीच असते, धूर सरळ केबिनमध्ये येतो. शिवाय धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटतं, कॉम्प्युटर जास्त सोडतो. ॲव्हरेज पडतं, आणि कच्चं पेट्रोल जळून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब झाला तर खर्च सायलेन्सरच्या कितीतरी पट.

फक्त मागचंच भोक असेल तर आठवडाभरात उरका, महिना नाही. आणि पट्टीचं म्हणाल तर, पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, शेजारीच नवीन भोक पडतं. दुसरं, सायलेन्सर टांगून धरणारे खालचे रबर हँगर बघा. एक तुटला की सगळं वजन पाइपवर येतं. विटाव्याच्या पुलाखाली खड्ड्यात सायलेन्सर सुटून पडला तर मागचा बाइकवाला त्यावर येईल.

नेरूळचा जुना ड्रायव्हर
हँगरचं पटलं, ते मी धरलंच नव्हतं. पण पत्रा चांगला असेल तर पट्टी टिकते, माझी टिकली. आणि पीयूसीला आवाज मोजत नाहीत.

वाशी_सिस्टर
पीयूसी गाडीच्या धुराची असते, मागच्या सीटवरच्या हवेची नाही. आणि काचा खाली ठेवून रोज दोन तास घोडबंदरचा धूर मुलीला द्यायचा? तिला स्कूल बसने पाठवा, तुम्ही ट्रेन-रिक्षा करा. आठवड्याचाच प्रश्न आहे.

कासारवडवलीकर
आत्ता खाली जाऊन ऐकलं. थंड इंजिनला टकटक नाही. पण टॉर्च मारली तर मागचा एक हँगर तुटलेला, सायलेन्सर हाताने ढकलला तर डुलतोय. मुलगी उद्यापासून बसने. मी ट्रेनने ठाण्याहून घणसोली, पुढे रिक्षा. शनिवारी सकाळी सायलेन्सर आणि दोन्ही हँगर बदलून घेतोय, गॅरेज सोसायटीच्या गेटपासून दोन मिनिटांवर आहे, तेवढंच चालवेन.

रबाळे गॅरेज, २२ वर्षं
जाताना हँगरच्या जागी तार बांधा, दोरी नको, जळेल. आणि गाडी पूर्ण थंड असतानाच खाली हात घाला.