डोक्याला लाईट लावून मेंदू बघतात, धोका हाय काय?

खानापूरकर: भाची बेंगळूरला शिकतेय, तिथं एका अभ्यासासाठी तिला टोपी घालून डोक्यात लाईट सोडणार म्हणे, अक्का जाम घाबरलीय, कोण सांगंल काय?

शहापूरवाला: अक्काला सांगा घाबरू नको म्हणून. त्याला एफनिर्स म्हणतात, एक्सरेसारखं रेडिएशन नाही त्यात. मोबाईलची टॉर्च बोटाखाली धरून बघा की, बोट लालभडक दिसतंय, म्हणजे लाल उजेड मांसातनं पार जातोय. तसाच ६५० ते ९५० नॅनोमीटरचा, म्हणजे लाल नि त्याच्या पुढचा डोळ्याला न दिसणारा उजेड कवटीतनं आत जाऊन उधळतो नि थोडासा लाईटपासनं ३ सेंटीमीटरवर बसवलेल्या डिटेक्टरला परत मिळतो. रक्तातलं ऑक्सिजन असलेलं नि नसलेलं हिमोग्लोबिन उजेड वेगवेगळा शोषतंय, नि कामाला लागलेल्या भागात रक्त वाढतंय, त्यावरनं मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते कळतंय. कोरोनात बोटाला लावलेला ऑक्सिमीटर त्याचंच भावंड. १९७७ ला जॉब्सिस नावाच्या शास्त्रज्ञानं हे पहिल्यांदा दाखवलं.

निपाणी_मास्तर: बरोबर, पण सगळा मेंदू दिसत नाही हं, डोक्याच्या कातडीपासनं दीडदोन सेंटीमीटर खोलपर्यंतचाच, खोलातलं बघायला एमआरआयच पायजे. शिवाय त्या भागात रक्त वाढायला ५-६ सेकंद लागतात म्हणून ईईजीएवढं (डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज मोजतात ते) झटपट नाही. पण मला हे लई आवडतं, कारण तान्ही बाळं आईच्या मांडीवर बसून तपासता येतात, एमआरआयच्या आवाजात ती कुठली गप पडायला!

खानापूरकर: लई उपकार झाले मास्तर. केस दाट हाईत तिचे, चालंल न्हवं?

निपाणी_मास्तर: चालतंय की, काळे केस उजेड अडवतात म्हणून ते भांग पाडून सेन्सर बसवतात. थोडा वेळ जास्त लागंल, जाताना डोक्याला तेल नको म्हणावं.