दिवंगत शाहिरांच्या आकाशवाणीवरच्या टेपा: जशाच्या तशा काढाव्यात की साफसूफ करून?

रंकाळाकाठचा
आमच्या कोल्हापुरातल्या पेठेतले एक शाहीर जाऊन बरीच वर्षं झाली. घरच्यांनी आता त्यांच्या आकाशवाणीवरच्या पोवाड्यांचा अल्बम काढायचं मनावर घेतलंय. नाव देत नाही, घरच्यांनीच तसं सांगितलंय. वाद एवढाच आहे की ध्वनिमुद्रण आहे तसं द्यायचं, की साफ करून, काटछाट करून. दोन्ही नमुने मी बसून ऐकलेत.

साफ केलेल्या नमुन्यात टेपची खरखर गेली, हे खरं. पण तिच्याबरोबर झांजही गेली. थाप पडून गेल्यावर झांज जी मागं घुमत राहते, तो नाद खरखरीच्याच वरच्या पट्टीत असतो. एक काढायला गेलं की दुसरं निघतंच. उरला नुसता ‘ठक्’. निवेदकाचं ‘सादर करीत आहेत’ कापलं. शाहिरांनी नमनाआधी घसा खाकरला, तेही कापलं. आणि दोन चौकांमधलं, म्हणजे पोवाड्याच्या गायच्या भागांमधलं, गद्य ‘हे काही गाणं नव्हे’ म्हणून निम्म्यावर आणलं! अहो, गद्य काढलं तर खान वाईहून प्रतापगडाखाली आला कसा, हे ऐकणाऱ्याला कळणार कुठून? शाहीर सांगतो तिथंच तर अंगावर काटा येतो, गातो तेव्हा तो वाढतो.

माझं मत: एक सेकंदही कापू नका.

झीलकरी
दादा, मला हे पटत नाही. मी झील धरलीय, म्हणजे शाहिरामागं सूर धरून ‘जी जी’ केलंय, त्यांच्यामागं नाही, दुसऱ्या पथकात. रेडिओवरचा पोवाडा हा शाहिराचा खरा पोवाडा नव्हेच. समोर माणूस नाही, भिंतीवर घड्याळ आणि हातात पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास. मैदानावर दीड तास चालणारी गोष्ट तिथं कोंबायची. त्यांनी स्वतःच काटछाट करून गायलंय, मग तुम्ही कुठला ‘अस्सलपणा’ जपताय?

त्यातलं पावसाळ्यातलं ध्वनिमुद्रण मीही ऐकलंय. दमट हवेनं कातडं ढिलं पडून डफ उतरलाय. मैदानावर असता तर मधल्या गद्यात कुणीतरी जाळावर शेकून आणला असता. स्टुडिओत जाळ कुठला? शेवटच्या दोन चौकांत थाप भद्द पडते आणि शाहीर आवाज चढवून ते झाकतायत. जिवंतपणी त्यांनी ही टेप बाजारात येऊ दिली असती का? ते आता नको म्हणू शकत नाहीत, म्हणून आपण परस्पर हो म्हणायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

तबकडीवाला
इंग्लंडातलं एक उदाहरण देतो. सँडी डेनी ही तिकडची लोकसंगीतातली मोठी गायिका, १९७८ साली अवघ्या ३१ व्या वर्षी गेली. बीबीसी रेडिओवर तिनं गायलेल्या गाण्यांची सीडी १९९७ साली निघाली आणि हक्कांच्या भानगडीत लगेच मागं घ्यावी लागली. पुढं २००७ साली मोठा संच आला. तिच्या काही तबकड्यांवर व्हायोलिनांचा ताफा आहे, पण रेडिओवर बऱ्याचदा ती एकटी आणि हाताशी गिटार किंवा पियानो. माझ्यासारख्या कित्येकांना तीच सँडी जवळची वाटते. त्यामुळं ‘रेडिओवरचं ते खरं नव्हे’ हे मला मान्य नाही. घड्याळासमोर गाणं हीही एक कला आहे. झील धरणाऱ्याला ती कळायला हवी.

पंचगंगा_ताई
कापायचं की नाही हे नंतर. टेप कुणाची आहे? घरच्यांकडं रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेट असतील तर त्या विकता येणार नाहीत. ध्वनिमुद्रण आकाशवाणीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो, आणि पोवाडा ज्यानं रचला त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क तर १९९४ च्या दुरुस्तीनं कायद्यात आला, आज त्याची मुदत ५० वर्षं. तेव्हा आधी आकाशवाणी केंद्राशी लेखी बोलणं करा.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतंय ते वेगळंच. या धाग्यात तुणतुण्यावर कोण होतं हे कुणी विचारलेलंच नाही. मुखपृष्ठावर शाहिरांचा फेटा येणार, आणि मागं रात्रभर जी जी करणारे ‘व सहकारी’!

कागलकर
तुमची चर्चा होईपर्यंत टेपा राहतील का? २०१९ च्या पुरात ओळखीच्या एका घरातली कॅसेटची अख्खी ट्रंक चिखलात गेली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी बघितलं. १९१५ सालची, शाहू महाराजांनी दिलेली वास्तू, आणि एका रात्रीत ही गत. पाव इंची टेप त्यापुढं काय टिकणार? मसाला सुटतो, बुरशी धरते, यंत्रावर चढवली की चिकटते. आधी जसं आहे तसं संगणकावर उतरवून तीन ठिकाणी ठेवा. साफसफाई नंतर कधीही करता येईल, गेलेली झांज परत आणता येणार नाही.

रंकाळाकाठचा
ताई, परवानगीचा अर्ज घरच्यांनी केलाय, उत्तराची वाट बघतोय. सहकाऱ्यांचं अगदी बरोबर बोललात. निवेदक सुरुवातीला ढोलकी, तुणतुणं, झांज अशी एकेकाची नावं घेतो, आणि साफ केलेल्या नमुन्यात नेमकं तेच कापलंय. त्या माणसांची नावं कदाचित फक्त तिथंच उरलीत. म्हणून तर मी निवेदनासाठी एवढा अडून बसलोय.

झीलकरी, डफाचं तुम्ही म्हणता ते मला ऐकू आलंय. पण उतरलेल्या डफावर तो माणूस पोवाडा पडू देत नाही, एकेक ओळ वर उचलून धरतो. गळ्यात किती बळ होतं हे चांगल्या टेपांत कळत नाही, तिथं सगळं सोपं वाटतं. १९६३ साली आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडं घराघरांत हे आवाज ऐकलेत. पिराजीराव सरनाईक आणि लहरी हैदर या शाहिरांच्या मुलखातला श्रोता उतरलेला डफ ओळखतो आणि समजूनही घेतो.

झीलकरी
इथला घेईल. मोबाइलवर पहिल्यांदाच पोवाडा ऐकणारं पुण्या-मुंबईचं पोरगं घेणार नाही. त्याला वाटेल, शाहिरी म्हणजे हे असलंच भद्द काहीतरी. निवेदन ठेवा, नावं ठेवा, गद्य अख्खं ठेवा, झांजेला हात लावू नका, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. पावसाळ्यातली टेप जपा, अभ्यासाला द्या. पण अल्बममध्ये नको. वाजवणाऱ्याची लाज वाजवणाऱ्यालाच कळते, दादा, आणि ते शाहीर त्या दिवशी स्टुडिओतून नाराज होऊनच बाहेर पडले असणार.

रंकाळाकाठचा
घरच्यांपुढं तुमचं म्हणणं शब्दन् शब्द मांडतो. माझं मत मात्र ती टेप घ्यावी असंच आहे, अगदी शेवटी आणि वर ‘पावसाळी ध्वनिमुद्रण’ असं लिहून. त्यांच्या पथकात कुणाच्या घरचं कुणी होतं का, एवढं आसपास विचारा. एका टेपवर निवेदकाचा आवाज फाटलाय आणि तुणतुण्यावरच्या माणसाचं नाव लागत नाहीये.