मदत हवी आहे: न झालेल्या सीडीसी बैठकांच्या कार्यवृत्तावर सही मागतायत

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात शिकवतो. कॉलेज कुठलं, जिल्हा कुठला ते विचारू नका, समजून घ्या.

गेल्या वर्षी शिक्षक प्रतिनिधी म्हणून महाविद्यालय विकास समितीवर (सीडीसी) निवडून आलो. निवडून म्हणजे काय, दुसऱ्या कुणी फॉर्मच भरला नाही. 2016 च्या विद्यापीठ कायद्यातलं कलम 97 म्हणतं की या समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. आमच्याकडं एक झाली, तीही अध्यक्ष साहेबांच्या वाढदिवसाच्या रक्तदान शिबिराची कामं वाटून द्यायला. चहा, बालुशाही, विषय संपला.

आता नॅकची, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, टीम येणार म्हणून धावपळ चालू आहे. परवा शिपाई मामा स्टाफरूममध्ये प्रोसिडिंग बुक घेऊन आले. चारही बैठकांचं कार्यवृत्त एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनानं, आणि माझ्या नावापुढं पेन्सिलीनं बारीक फुली. एका बैठकीची तारीख दिवाळीच्या सुट्टीतली, त्या दिवशी गेटला कुलूप होतं. तेही एक वेळ सोडून देऊ. पण त्याच बैठकीत ‘मुलांच्या वाचनकक्षाची जागा संस्थेच्या इंग्रजी शाळेला तात्पुरती वापरायला द्यावी’ असा ठराव आहे आणि सूचक म्हणून नाव माझं! तो वाचनकक्ष स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सातपासून धरून बसतात. खेड्यावरून पहिल्या एसटीनं येतात बिचारी.

‘उद्या बघतो’ म्हणून वही परत पाठवली. तासाभरात ओएस (कार्यालय अधीक्षक) स्वतः हजर. “सर, उगं कशाला ताणायलाव? बाकी समद्यांनी केल्यात सह्या. नॅक झाल्यावर कोण बघायलंय?” जाता जाता प्राचार्यांचा निरोपही दिला: तुमची कॅसची (पदोन्नतीची) फाईल टेबलावरच आहे म्हणावं. इशारा कळायला पीएचडी लागत नाही.

स्टाफमध्ये खदखद भरपूर आहे. जून-जुलैत आम्ही गावोगाव फिरून अॅडमिशन गोळा करायचे. तासिका तत्त्वावरच्या पोरांना तर तोंडी सांगितलंय, अॅडमिशन आणा नाही तर पुढच्या वर्षी तास नाहीत. प्राचार्यांना कुणी काही विचारलं की ‘वरून आदेश आहे’. स्टाफरूममध्ये सगळे वाघ, केबिनमध्ये गेल्यावर ‘हो सर’. खरं सांगायचं तर प्राचार्य पूर्वी उत्तम शिकवायचे, माणूस म्हणूनही वाईट नाहीत. पण समितीचे अध्यक्ष संस्थेचे आणि हे नुसते सदस्य-सचिव, त्यामुळं जे लिहा म्हटलं ते लिहितात.

तर प्रश्न असा, की सही न करता हे लेखी कसं मांडायचं? आणि फाईल मुद्दाम अडवली तर दाद कुठं मागायची? घरी कर्ज आहे, मुलगी बारावीला आहे, त्यामुळं ‘द्या राजीनामा तोंडावर फेकून’ छाप सल्ले कृपया नकोत.

प्रतिसाद – दुधनाकाठ
सही अजिबात करू नका. उद्या वाचनकक्षावरून मुलं उठली तर सूचक म्हणून बोट तुमच्याकडंच दाखवतील. प्राचार्यांना दोन ओळींचं साधं पत्र द्या: अमुक तारखांच्या बैठकांची सूचना मला मिळाली नाही, मी हजर नव्हतो, असा ठराव मी मांडलेला नाही. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आवक लिपिक घेत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा. भाषा थंड ठेवा, ‘खोटं’, ‘बनावट’ हे शब्द लिहायचेच नाहीत. कॅसचं अडलं तर कलम 79 खाली विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे. न्यायाधिकरण कलम 80 चं, पण ते बडतर्फी, सेवासमाप्ती वगैरेंसाठी. आणि समितीवर निवडून आलेले शिक्षक तीन असतात, त्यातली किमान एक महिला. बाकी दोघांशी बोललात का? तिघांचं पत्र गेलं तर वजन वेगळं.

प्रतिसाद – सातासमुद्रापार
इकडं अमेरिकेत प्राध्यापक थेट अविश्वास ठराव आणतात. 2005 मध्ये हार्वर्डच्या कला-विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स समर्स यांच्याविरुद्ध 218 विरुद्ध 185 मतांनी ठराव केला. तो बंधनकारक नव्हता, तरी पुढच्या वर्षी त्यांना पायउतार व्हावं लागलं. तुमच्याकडं असं काही का करत नाहीत?

धागाकर्ता
@सातासमुद्रापार, अविश्वास प्राचार्यांवर दाखवून काय करू? ते गेले तर संस्था दुसरे आणील, वही तीच राहील. शिवाय हात वर करायला आमच्याकडं 218 जण कुठून आणू, इथं तिघांची मारामार आहे.

@दुधनाकाठ, मनापासून आभार. दोघांपैकी मॅडमनी आधीच सही केलीय, पण सूचक म्हणून माझं नाव बघून त्याही चरकल्या. सही केलेला सदस्य नंतर असं पत्र देऊ शकतो का? आणि कुणी असं पत्र खरंच दिलं असेल तर नावं खोडून मजकूर इथं टाका. ओएस सोमवारी परत वही पाठवणार आहेत.